तुरुंग, भागीदारीतील

शिक्षा न्यायालयाने द्यायची. बंदी (कैदी) ठेवण्याची इमारत बांधणे, ती चालवणे आणि बंद्याला सुटकेनंतरच्या आयुष्यासाठी तयार करणे यांपैकी काही कामे मात्र शासनाने कराराने खाजगी कंपनीकडे किंवा धर्मादाय संस्थेकडे सोपवायची, अशी ही व्यवस्था. सुधारणा हा तिचा घोषित हेतू असतो. करारात तो कितपत उतरतो, हा वेगळा प्रश्न.

‘तुरुंग’ हा शब्द मराठीत पोर्तुगीज ‘त्रोंकू’वरून आला, हे मत सर्वसाधारणपणे ग्राह्य धरले जाते. त्रोंकू म्हणजे झाडाचे खोड. त्यावरून गुन्हेगाराचे पाय अडकवण्याचा लाकडी ठोकळा आणि त्यावरून कैदखाना. मराठीत ‘खोड’ आणि ‘खोडा’ यांचे नाते नेमके असेच आहे, त्यामुळे अर्थाचा हा प्रवास मराठी कानाला परका वाटत नाही. मलायमधील ‘तरुंकू’ हा शब्दही याच कुळातला, म्हणजे तो पोर्तुगीज जहाजांबरोबर पूर्वेकडे पसरला असावा. ‘तुरंग’ म्हणजे घोडा या संस्कृत शब्दाशी रूपसाम्य दिसते, पण अर्थाचा सांधा जुळत नाही. शब्द मराठीत नेमका केव्हा रुळला हे काटेकोरपणे ठरवणे अवघड आहे. गोव्याशी व उत्तर कोकणाशी आलेल्या संपर्कातून सोळाव्या–सतराव्या शतकांत तो आला असावा, असे मानणे सयुक्तिक ठरते. गंमत अशी, की गोव्यात घरी कोंकणी बोलणारा ‘बंदखण’ म्हणतो आणि मराठी वर्तमानपत्र हाती घेतल्यावर ‘तुरुंग’ वाचतो.

बंद्यांची देखभाल शासनाबाहेरच्या संस्थेने करण्याची प्रथाही गोव्यात जुनी. १४९८ मध्ये लिस्बनला स्थापन झालेल्या सांता काझा द मिझेरिकोर्दिया या धर्मादाय बंधुसंघाच्या कर्तव्यांत बंद्यांची भेट घेणे आणि ओलिसांना सोडवणे ही कामे होती. संघात बंद्यांसाठी स्वतंत्र कारभारी नेमला जाई. निर्धन बंद्यांचे अन्न, त्यांच्या दाव्यांचा पाठपुरावा आणि देहान्ताची शिक्षा झालेल्यांना वधस्थळापर्यंत सोबत, ही जबाबदारी संघाची. गोव्यातील शाखेच्या स्थापनेविषयी एकमत नाही. काही जण ती गोवा जिंकणारा पोर्तुगीज सेनानी आफोंसो द आल्बुकेर्क याच्या हयातीत, म्हणजे १५१५ पूर्वी नेतात. काही १५१९ च्या आसपास ठेवतात. दुसरे मत अधिक सावध दिसते. हाच धागा आजच्या पोर्तुगालमध्ये पुन्हा दिसतो : पोर्तोजवळ सांता क्रूझ दू बिस्पू येथील महिला तुरुंग या शतकाच्या पहिल्या दशकापासून तिथल्या मिझेरिकोर्दियाच्या भागीदारीत चालतो, शासन पहारा व सुरक्षा स्वतःकडे ठेवते.

नफ्यासाठी तुरुंग चालवण्याची कल्पनाही नवी नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम याने १७९१ मध्ये मांडलेल्या वर्तुळाकार तुरुंगाचा ठेकेदार तो स्वतःच होणार होता. तुरुंग झाला नाही. १८१३ मध्ये त्याला २३,००० पौंड भरपाई मिळाली. अमेरिकेच्या दक्षिणेत यादवी युद्धानंतर बंद्यांचे श्रम मळेवाल्यांना व खाणींना भाड्याने दिले गेले. त्या इतिहासामुळे या विषयावरचा संशय अजून फिटलेला नाही. आधुनिक रूप १९८० च्या दशकापासूनचे. फ्रान्सने १९८७ च्या कायद्याने पहारा व बंद्यांची नोंदवही शासनाकडे ठेवून अन्न, देखभाल, काम आणि प्रशिक्षण कंपन्यांना दिले. ब्रिटनने १९९२ मध्ये वोल्ड्स येथे पहाऱ्यासह सर्व कारभार खाजगी हाती दिला आणि १९९७ पासून आराखडा, बांधकाम, भांडवल व व्यवस्थापन एकाच करारात बांधले. इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये असा तुरुंग घटनाबाह्य ठरवला : माणसाचे स्वातंत्र्य हिरावण्याचा अधिकार नफा कमावणाऱ्याच्या हाती देणे हाच त्याच्या मूलभूत हक्कांचा भंग होय.

करारातील खरी मेख मोबदल्याच्या एककात असते. ब्रिटिश पद्धतीत पैसे मुख्यतः ‘उपलब्ध जागे’चे मिळतात. कोठडीचे कुलूप बिघडले, नळाला पाणी नाही, की ती जागा अनुपलब्ध ठरून रक्कम कापली जाते. पण जागा सुस्थितीत असेल तर आत कोणी नसले तरी पैसे चालू राहतात. यात कुलपाची काळजी आहे, माणसाची नाही. तो दोष काढण्यासाठी पीटरबरो तुरुंगात २०१० पासून वेगळा प्रयोग झाला. अल्पमुदतीच्या बंद्यांना सुटकेच्या दारापासून घर, काम व व्यसनमुक्तीसाठी साथ द्यायची आणि पुन्हा शिक्षा होण्याचे प्रमाण घटले तरच गुंतवणूकदारांना परतावा. किमान ७.५ टक्के घट अपेक्षित होती. २०१७ मध्ये ९ टक्के नोंदली गेली.

भारतात तुरुंग हा राज्यसूचीतील विषय आहे (सातवी अनुसूची, नोंद ४). संपूर्ण तुरुंग कंपनीच्या हाती देण्याची पद्धत येथे रुजलेली नाही. भागीदारी पेट्रोल पंप, बेकरी, क्रीडा-प्रशिक्षण अशा तुकड्यांत येते. सुधारणेसाठी भांडवल लागतेच असे नाही, याचा दाखला मराठी मुलखातच आहे : औंध संस्थानात १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही भिंतीविना बंदी-वसाहत उभी राहिली. पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांचा तीत पुढाकार होता. बंदी तिथे कुटुंबासह राहून शेती करीत.

गोव्यात आग्वादचा मध्यवर्ती तुरुंग २०१५ मध्ये बंद होऊन बंदी बार्देशातील कोलवाळच्या नव्या तुरुंगात गेले. परिणामावर मोबदला देणारा करार येथे लावायचा तर पहिली अडचण बंद्यांच्या प्रकाराची. देशभरात सुमारे तीन-चतुर्थांश बंदी कच्चे कैदी आहेत (२०२२). त्यांना कामाची सक्ती करता येत नाही, आणि ज्याच्या सुटकेची तारीखच ठाऊक नाही त्याचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखायचा कसा? उद्या जामीन झाला तर शिवणयंत्रावरचा अर्धा सदरा तसाच राहतो. अमली पदार्थांच्या खटल्यांतील परदेशी बंदी सुटल्यावर मायदेशी जातो. तो पुन्हा गुन्ह्यात सापडला की नाही, हे पणजीत बसून मोजणे कठीण.

गोव्याच्या तुरुंगांच्या इमारतींना खाजगी भागीदार मिळाले, ते मात्र बंदी निघून गेल्यावर. रेईश मागूशचा किल्ला १९९३ पर्यंत तुरुंग होता. पुढे गोवा शासन, वारसा-जतनाचे काम करणारी इंटॅक ही संस्था व ब्रिटनचा हेलन हॅम्लिन न्यास यांनी मिळून त्याचा जीर्णोद्धार केला आणि २०१२ मध्ये तो लोकांना खुला झाला. तिथे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांची चित्रे आहेत. १९४६ मध्ये राममनोहर लोहिया यांना जिथे डांबले होते, तो आग्वादचा तुरुंग डिसेंबर २०२१ पासून संग्रहालय आहे.