मार्चमधले सदतीस हजार प्रवासी

१९४९ ते १९६० या बारा वर्षांत दर महिन्याला किती लोकांनी आंतरराष्ट्रीय विमानप्रवास केला, याचे १४४ आकडे उपलब्ध आहेत. जॉर्ज बॉक्स आणि ग्विलिम जेंकिन्स या संख्याशास्त्रज्ञांनी १९७० साली ते उदाहरणादाखल वापरले. तेव्हापासून अंदाज बांधायला शिकणारे असंख्य विद्यार्थी याच आकड्यांवर हात बसवत आले आहेत.

समजा, १९५९ नुकतंच संपलंय आणि विमान कंपनीचं पुढच्या वर्षाचं बजेट करायचंय. किती वैमानिक लागतील? बँकेकडून किती उचल घ्यावी? मागचे आकडे पाहिले की दोन गोष्टी लगेच दिसतात. १९५८ मध्ये ४५ लाख ७२ हजार प्रवासी होते, १९५९ मध्ये ५१ लाख ४० हजार. म्हणजे वाढ १२.४ टक्के. आणि दरवर्षी जुलै-ऑगस्टला झुंबड उडते, नोव्हेंबरला ओसरते. मग सोपा हिशेब करू: १९५९ चा प्रत्येक महिना घ्यायचा आणि त्यात १२.४ टक्के मिळवायचे.

मे १९६० साठी अंदाज येतो ४ लाख ७२ हजार. प्रत्यक्षातही तेवढेच! जुलैला अंदाज ६ लाख १६ हजार, प्रत्यक्षात ६ लाख २२ हजार. इतक्या साध्या गणितानं एवढं जमतं, याचं मला दरवेळी अप्रूप वाटतं.

मार्चमध्ये मात्र गडबड होते. अंदाज ४ लाख ५६ हजारांचा, आले ४ लाख १९ हजार. सदतीस हजार प्रवासी गेले कुठे? उत्तर कॅलेंडरात आहे. १९५९ मध्ये ईस्टर २९ मार्चला होता, १९६० मध्ये १७ एप्रिलला. सुट्टी सरकली, तिच्याबरोबर गर्दीही सरकली. एप्रिलमध्ये अंदाजापेक्षा सोळा हजार जास्त आले. मार्चमधली चूक आठ टक्के होती. दोन्ही महिने एकत्र धरले तर ती अडीच टक्क्यांच्या आत येते.

हे आपल्याला नवीन नाही. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ मध्ये अधिक मासामुळे १२ नोव्हेंबरला. मिठाईवाल्यानं ऑक्टोबरची विक्री आदल्या ऑक्टोबरशी ताडून पाहिली, तर धंदा बसला असंच वाटणार. म्हणून आकडे बघणाऱ्यानं गल्ल्यावर बसणाऱ्याला आधी विचारावं. सण कधी होता, हे त्याला तोंडपाठ असतं.

त्या विमान-आकड्यांत आणखी एक इशारा आहे. ऑगस्टपासून ऑक्टोबर सोडला तर प्रत्येक महिना अंदाजाच्या खाली राहिला. वाढीचा वेग मंदावला होता. नोव्हेंबरला ४ लाख ७ हजारांऐवजी ३ लाख ९० हजारच आले, म्हणजे जुलैपेक्षा एक तृतीयांशाहून जास्त घट. तिकिटांचा पैसाही आटतो. वैमानिकांचे पगार, हँगरचं भाडं, कर्जाचा हप्ता मात्र आटत नाही. वर्षाच्या हिशेबात नफा असलेली कंपनीही अशा महिन्यात खेळत्या भांडवलासाठी तडफडू शकते. म्हणून वर्षाचं बजेट जानेवारीत करून कपाटात ठेवायचं नसतं. ऑगस्टचा आकडा २२ हजारांनी कमी आला, की सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात अंदाज खाली आणून बँकेशी बोलायला हवं. नोव्हेंबरच्या पगाराला तेव्हा अजून वेळ असतो.