गरोदर आहात आणि विमा नाही? कॅलिफोर्नियात मेडी-कॅलचा अर्ज असा करा

अमेरिकेत आरोग्यविमा बहुतेकांना नोकरीतून मिळतो आणि नोकरी गेली की तोही जातो. नवरा एच-वनवर म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, त्याला कंपनीने काढलं, बायको एच-फोरवर म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आणि पाचवा महिना चालू, अशी घरं बे एरियात शोधावी लागत नाहीत. कोब्रा नावाच्या केंद्रीय कायद्याखाली जुना विमा अठरा महिने चालू ठेवता येतो, पण कंपनी भरत होती तो हप्ताही मग आपल्याच खिशातून जातो आणि वर दोन टक्के. अशा वेळी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी मेडी-कॅल या सरकारी आरोग्यविम्याचं नाव काढलं की धडाधड उत्तरं येतात. ते फक्त सिटिझन लोकांना. ग्रीन कार्डला पाच वर्षं व्हावी लागतात. घेतलंत तर पुढे ग्रीन कार्ड अडेल. गरोदर बाईच्या बाबतीत यातली पहिली दोन उत्तरं कॅलिफोर्नियात साफ चुकीची आहेत. तिसऱ्याबद्दल जरा सावकाश बोलावं लागेल, ते पुढे येईल.

कोणाला मिळतं

पाच वर्षांची अट आली १९९६ च्या केंद्रीय कायद्यातून. नवीन ग्रीन कार्डधारकाला पाच वर्षं मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांसाठीचा सरकारी विमा, नाही, असा तो नियम. २००९ मध्ये केंद्राने राज्यांना मुभा दिली, की कायदेशीरपणे राहणाऱ्या गर्भवती स्त्रिया आणि मुलांना ही अट न लावता मेडिकेड द्यायचं असेल तर द्या. कॅलिफोर्नियाने ती घेतली. मेडी-कॅल हे या राज्यातल्या मेडिकेडचंच नाव. त्यामुळे एच-फोर, एफ-वन (विद्यार्थी व्हिसा) किंवा कालपरवा ग्रीन कार्ड मिळालेली गरोदर बाई यात बसते. कॅलिफोर्निया त्याही पुढे गेलं आहे. कागदपत्रं नसलेल्या किंवा स्टेटस संपलेल्या गर्भवतीलाही इथे गरोदरपणासाठी कव्हरेज मिळतं. नोकरी गेल्यावर एच-वनला मिळणारे साठ दिवस उलटून गेले, म्हणून बाळंतपणाचं कव्हरेज जात नाही.

जानेवारी २०२६ पासून राज्याने बऱ्याच स्थलांतरित प्रौढांची संपूर्ण मेडी-कॅलमधली नवी नोंदणी गोठवली, ही बातमी तुम्ही वाचली असेल. ती खरी आहे, पण गर्भवती स्त्रियांना त्यातून वगळलं आहे. केंद्राच्या २०२५ च्या कायद्याने १ ऑक्टोबर २०२६ पासून मेडिकेडमधले बरेच स्थलांतरित गट कमी केले, तरी गर्भवती आणि मुलांसाठीची २००९ ची मुभा तशीच ठेवली आहे. एक मात्र आहे. एकाच अर्जात बायकोला होकार आणि नवऱ्याला नकार येऊ शकतो. तसं झालं तर घाबरून तिचा अर्ज मागे घेऊ नका.

राज्यात राहणं ही अट पक्की आहे. नोकरीसाठी आलात किंवा इथेच राहायचा इरादा आहे, तर तुम्ही रहिवासी. भेटीच्या व्हिसावर येऊन परत जायचं असेल तर नाही. आणि बाळंतपण अमेरिकेत व्हावं एवढ्याचसाठी भेटीचा व्हिसा मागितला तर तो नाकारायचा, असा परराष्ट्र खात्याचा नियम २०२० पासून आहे. त्या वाटेबद्दल हा लेख नाही.

उत्पन्नाचं गणित

बहुतेक लोक इथेच स्वतःला बाद करतात, कारण हिशेब चुकतो. तीन गोष्टी नीट समजून घ्या.

पहिली, माणसं मोजण्याची. पोटातलं बाळ घरात धरलं जातं. नवरा-बायको दोघंच असाल तर तुमचं कुटुंब तिघांचं. जुळी असतील तर चौघांचं. बाळंतपणाला आलेल्या आई किंवा सासूबाई यात धरत नाहीत. तुमच्या टॅक्स रिटर्नमध्ये त्या आश्रित म्हणून असतील तर गोष्ट वेगळी.

दुसरी, कोणतं उत्पन्न. मेडी-कॅल बघतं ते चालू महिन्याचं. मार्चपर्यंत वर्षाला दीड लाख डॉलरचा पगार होता आणि एप्रिलमध्ये नोकरी गेली, तर मे महिन्याच्या अर्जात मेचं उत्पन्न मोजतात. सेव्हरन्स, म्हणजे नोकरीवरून काढताना मिळणारी रक्कम, ज्या महिन्यात हातात येतं त्या महिन्याचं उत्पन्न होतं. बेकारी भत्ताही धरला जातो. ४०१-के या निवृत्तीच्या खात्यात कर कापण्याआधी जाणारी रक्कम धरत नाहीत. आणि आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं: भारतातल्या फ्लॅटचं भाडं आणि एनआरई ठेवीचं व्याज इथे उत्पन्नच आहे. भारतात त्या व्याजावर कर लागत नाही म्हणून ते लपवायचं नसतं. बाबांनी पाठवलेले पैसे मात्र भेट आहेत, ते उत्पन्नात येत नाहीत.

तिसरी, मालमत्ता. गर्भवतीच्या गटात ती विचारातच घेत नाहीत. पुण्यातला फ्लॅट, गावची शेती, बँकेतली बचत, यांमुळे कोणी अपात्र होत नाही.

आता आकडे. केंद्रीय दारिद्र्यरेषेच्या २१३ टक्क्यांपर्यंत मेडी-कॅल. २०२५ च्या रेषेप्रमाणे तिघांच्या कुटुंबाला ही मर्यादा वर्षाला साधारण ५६,७६० डॉलर, म्हणजे महिन्याला ४,७३० च्या आसपास. आधीचं एक मूल असेल तर चौघं झाले, मर्यादा सुमारे ६८,४८०. त्याहून जास्त कमावत असाल तर मेडी-कॅल ॲक्सेस प्रोग्राम आहे, तो ३२२ टक्क्यांपर्यंत जातो. तिघांसाठी सुमारे ८५,८१०, चौघांसाठी १,०३,५२०. लाखभर डॉलरच्या घराला सरकारी मदत कशी मिळेल, असं वाटणं साहजिक आहे, पण नियम असाच आहे. या दुसऱ्या योजनेचा हप्ता जुलै २०२२ पासून शून्य आहे. मात्र बाळंतपणाचा खर्च देणारा दुसरा विमा तुमच्याकडे नसावा. असला तरी प्रसूतीचं डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी आपण भरायची रक्कम) ५०० डॉलरच्या वर असेल तर चालतो. खुद्द मेडी-कॅलला दुसरा विमा असला तरी हरकत नाही. आधी तो विमा पैसे देतो, उरलेलं मेडी-कॅल बघतं. दारिद्र्यरेषेचे आकडे दरवर्षी बदलतात, तेव्हा अर्ज करताना चालू वर्षाचे बघा.

एकदा मंजूर झालं आणि पुढच्या महिन्यात नवऱ्याला नोकरी लागली, तर? उत्पन्न कळवायचं, पण वाढलं म्हणून कव्हरेज काढून घेत नाहीत. गरोदरपण आणि त्यानंतरचे बारा महिने ते टिकतं. पूर्वी बाळंतिणीला साठ दिवसच मिळायचे, एप्रिल २०२२ पासून कॅलिफोर्नियात वर्षभर मिळतं.

आजच डॉक्टरकडे जायचं असेल तर

मुख्य अर्जाच्या निर्णयाला ४५ दिवसांपर्यंत लागू शकतात. गरोदरपणात तेवढं थांबून चालत नाही. म्हणून तात्पुरतं कव्हरेज आहे, त्याला प्रिझम्प्टिव्ह एलिजिबिलिटी म्हणतात. ही सोय देणारी क्लिनिकं आणि प्रसूतितज्ज्ञ ठरलेले असतात. फोन करून विचारायचं, "गर्भवतींसाठी प्रिझम्प्टिव्ह एलिजिबिलिटी करता का?" तिथे जाऊन उत्पन्न आणि घरातली माणसं तोंडी सांगायची. कागद मागत नाहीत. त्याच भेटीत कव्हरेज सुरू होतं.

यात तपासण्या, रक्तचाचण्या, सोनोग्राफी, औषधं येतात. प्रसूती येत नाही. शिवाय ते पुढच्या महिन्याच्या अखेरीस संपतं. मधल्या काळात मुख्य अर्ज दिला असेल तर निर्णय लागेपर्यंत चालू राहतं. क्लिनिकमधून घरी आलात की दोन-चार दिवसांत मुख्य अर्ज टाकून द्या. तात्पुरत्या कागदावर निवांत बसलेल्या बायकांची शेवटच्या महिन्यात धावपळ होते.

मुख्य अर्ज

अर्ज एकच आहे. तो कव्हर्ड कॅलिफोर्निया (राज्याचा विमा बाजार) किंवा बेनिफिट्सकॅल (सरकारी मदतीचे अर्ज) यांच्या संकेतस्थळावर भरता येतो, फोनवर सांगता येतो, किंवा काउंटीच्या सोशल सर्व्हिसेस कार्यालयात जाऊन देता येतो. उत्पन्न बघून मेडी-कॅल, ॲक्सेस प्रोग्राम की विकतचा विमा हे यंत्रणाच ठरवते. भरून देणारे प्रमाणित मदतनीस फुकट मदत करतात. कोणी पैसे मागितले तर उठून चालू लागा. इंग्रजी अडत असेल तर दुभाषी मागा, मराठीसुद्धा. फोनवर थोडं थांबावं लागतं, पण तो तुमचा हक्क आहे आणि त्याचे पैसे लागत नाहीत. नवऱ्याला दुभाषी करण्यापेक्षा ते बरं, विशेषतः प्रकृतीबद्दल बोलायचं असेल तेव्हा.

गरोदर आहात हे तुम्ही सांगितलंत की पुरे. त्यांच्याकडच्या माहितीशी ते विसंगत नसेल तर डॉक्टरचं पत्र मागत नाहीत. किती बाळं अपेक्षित आहेत आणि प्रसूतीची तारीख हे मात्र न विसरता लिहा. गरोदर असल्याची खूण करायची राहिली, तर तुम्हाला साधा प्रौढ समजून वेगळ्याच नियमाने नकार येतो.

जवळ ठेवायचे कागद असे:

- पासपोर्ट, आय-९४ ची (देशात प्रवेशाच्या नोंदीची) छापील प्रत, आणि एच-फोरची मंजुरी म्हणजे आय-७९७. ग्रीन कार्ड असेल तर त्याच्या दोन्ही बाजू.
- पत्त्यासाठी भाडेकरार, वीज किंवा गॅसचं बिल, अथवा कॅलिफोर्नियाचं लायसन्स.
- उत्पन्नासाठी अलीकडच्या पे-स्टब, नोकरी गेल्याचं पत्र, बेकारी भत्त्याचं पत्र, मागचं टॅक्स रिटर्न. स्वतःचा धंदा असेल तर नफा-तोट्याचा हिशेब.
- दुसरा विमा असेल तर त्याचं कार्ड.

कामाची परवानगी नसलेल्या एच-फोर बाईकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसतो. ती जागा रिकामी सोडा. तिथे आयटीआयएन (फक्त करासाठी मिळणारा नंबर) लिहू नका, नवऱ्याचा नंबर तर नाहीच. ज्याला कव्हरेज नको आहे त्याच्या इमिग्रेशनची माहिती द्यावी लागत नाही, फक्त त्याचं उत्पन्न सांगावं लागतं. स्टेटसची पडताळणी केंद्राच्या यंत्रणेतून होते. ती लगेच जुळली नाही तर पुरावा द्यायला ९० दिवस मिळतात, आणि बाकी अटी पूर्ण असतील तर तोवर कव्हरेज चालू राहतं.

अर्जाआधीची बिलं साठली असतील तर तेही त्याच वेळी सांगा. अर्जाच्या महिन्याआधीचे तीन महिने मागता येतात. १ जानेवारी २०२७ नंतरच्या अर्जांना गर्भवतींसाठी ही मुदत दोन महिन्यांवर येते.

ग्रीन कार्डला बाधा येते का

याला पब्लिक चार्ज म्हणतात. ग्रीन कार्ड देताना हा माणूस सरकारवर अवलंबून राहील का, हे बघतात. डिसेंबर २०२२ पासूनच्या नियमाप्रमाणे मेडिकेड त्यात धरत नाहीत, अपवाद फक्त सरकारी खर्चाने दीर्घकाळ संस्थेत राहिल्याचा. बाळाने घेतलेली मदत आईबापांच्या नावावर मांडत नाहीत. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने हा नियम मागे घेण्याचा प्रस्ताव काढला. तसंच २०२५ मध्ये मेडिकेडची माहिती गृहसुरक्षा खात्याला दिल्याचं उघड झालं, आणि कॅलिफोर्नियासह अनेक राज्यं न्यायालयात गेली.

मग करायचं काय? माझं मत सरळ आहे. नवऱ्याच्या नोकरीचा विमा चालू असेल आणि परवडत असेल तर तोच वापरा, ही भानगडच नको. विमा नसेल तर तपासण्या टाळणं हा पर्याय नाही. रक्तदाब वाढला किंवा गर्भारपणातला मधुमेह निघाला तर तो व्हिसा बघत नाही. ग्रीन कार्डचा अर्ज दाखल असेल किंवा लवकरच करायचा असेल, तर आधी तासभर इमिग्रेशन वकिलाशी बोला. ग्रुपवर विचारू नका. स्टेटस संपलेलं असेल तर ही भेट आणखी गरजेची.

मंजूर झाल्यावर

टपालाने बीआयसी, म्हणजे मेडी-कॅलचं कार्ड येतं आणि मागोमाग प्लॅन निवडायचं पाकीट. ते बाजूला ठेवलंत तर प्लॅन राज्यच निवडतं आणि तुमची डॉक्टर त्यात नसण्याची शक्यता असते. आधी डॉक्टरच्या ऑफिसात विचारा की तुम्ही कोणता मेडी-कॅल प्लॅन घेता, मग निवडा. आधीच एखाद्या डॉक्टरकडे जात असाल तर बाळंतपण होईपर्यंत तिलाच चालू ठेवण्याची मागणी प्लॅनकडे करता येते. प्रसूती, सिझेरियन, दातांचे उपचार, मानसिक आरोग्य, स्तनपानाचा पंप हे सगळं यात आहे. जानेवारी २०२३ पासून डुला, म्हणजे बाळंतपणात आधार देणारी प्रशिक्षित मदतनीसही मिळते. माहेरचं कुणी येऊ शकत नसेल तर तिचा खरंच उपयोग होतो. अन्नासाठीच्या विक योजनेत इमिग्रेशनची चौकशी होत नाही, त्याचा अर्ज वेगळा करा.

आईला मेडी-कॅल असेल तर बाळाला पहिलं वर्ष आपोआप मिळतं. योजनेत असलेलं रुग्णालय जन्माची नोंद ऑनलाइन पाठवतं, तरी घरी जाण्यापूर्वी ती पाठवली का हे विचाराच. ॲक्सेस प्रोग्राममधल्या आईच्या बाळाची नोंद त्याच योजनेच्या बालक विभागात होते.

नकार आला तर पत्रावरचं कारण नीट वाचा. पोटातलं बाळ मोजलेलं नसणं आणि जुना पगार धरलेला असणं, या दोन चुका आधी तपासा. काउंटीला फोन करून दुरुस्ती होत नसेल तर पत्राच्या तारखेपासून ९० दिवसांत राज्याकडे सुनावणी मागता येते. विनंतीचा अर्ज त्या पत्राच्या मागेच छापलेला असतो, आणि सुनावणीलाही दुभाषी मिळतो.

टेक्सासमध्ये हे सगळं असंच लागू नाही. तिथे चिप पेरिनेटल नावाची योजना दारिद्र्यरेषेच्या २०२ टक्क्यांपर्यंत तपासण्या आणि प्रसूती देते, पण आईला नंतरच्या दोनच भेटी. न्यू जर्सीने २००९ ची मुभा घेतलेली आहे, तिथे अर्ज एनजे फॅमिलीकेअरकडे जातो. आणि कुठल्याही राज्यात, हातात काहीच कागद नसताना कळा सुरू झाल्या, तर आपत्कालीन विभाग असलेल्या रुग्णालयाला १९८६ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे तुम्हाला परत पाठवता येत नाही. बिल नंतर येतं, आणि त्यासाठी इमर्जन्सी मेडिकेडचा अर्ज रुग्णालयातल्या आर्थिक मदत कक्षातूनच करता येतो.