सरपंच म्हणजे शाळा समितीचा अध्यक्ष?

गावात सरपंच बदलला की कुणीतरी म्हणतंच, "आता शाळा समितीचे अध्यक्षही हेच." जुन्या ग्राम शिक्षण समितीत सरपंचांचं वजन असायचं, तिथूनच हा समज आला असावा. पण १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानं चित्र बदललं.

कायद्याच्या कलम २१ नुसार जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण निम्म्या महिला. म्हणजे सोळा जणांच्या समितीत बारा पालक. अध्यक्ष या पालकांमधूनच निवडायचा. मुख्याध्यापक सचिव असतात. ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी उरलेल्या चौघांत. सरपंचांचं मूल त्याच शाळेत शिकत असेल तर पालक म्हणून त्यांना अध्यक्ष होता येईल. (किती सरपंचांची मुलं तिथं असतात, हा प्रश्न वेगळा.)

समिती गुरुजींची बदलीसुद्धा करू शकते, हे दुसरं टोकही चुकीचं: ते काम जिल्हा परिषदेचं. मात्र शाळा विकास आराखडा करणं आणि अनुदान कुठं खर्च झालं ते तपासणं समितीच्याच हातात आहे. सह्यांपुरती बैठक घेणाऱ्या गावांत नेमकं हेच राहून जातं.