सिनेपत्रकार आणि प्रचारक: ओळखायचं कसं?

सिनेपत्रकार आणि सिनेमाची प्रसिद्धी करणारा प्रचारक, दोघेही कलाकारांच्या मुलाखती घेतात, दोघांनाही प्रदर्शनाआधी सिनेमा पाहायला मिळतो. त्यात कौतुक करणारा विकला गेलेला आणि झोडपणारा प्रामाणिक, अशी एक ढोबळ समजूत रूढ आहे. ती मला घातक वाटते. पत्रकाराला एखादा सिनेमा मनापासून आवडू शकतो, आणि प्रचारक प्रतिस्पर्धी सिनेमाला झोडपायचीही सुपारी घेऊ शकतो.

खरा फरक दिसतो तो माहिती कुठून आली हे सांगण्यात. कमाईची बातमी घ्या. ‘तीन दिवसांत विक्रमी गल्ला’ एवढं लिहून प्रचारक मोकळा होतो. पत्रकार सांगतो, की आकडा निर्मात्याने दिलाय की चित्रपटगृहांकडून जमवलाय, करासकट ग्रॉस आहे की कर वजा जाता नेट, एका देशातला की जगभरातला. यातलं काहीच नसेल, तर तो आकडा मी तरी धरत नाही. पुढे आकडा चुकीचा निघाला, तर पत्रकार तसं सांगून दुरुस्ती छापतो. प्रचारकाची पोस्ट गुपचूप गायब होते.

‘सूत्रां’बाबत मात्र सबुरीने घ्यावं. थकलेल्या मानधनाबद्दल किंवा सेटवरच्या छळाबद्दल बोलणाऱ्याचं नाव छापलं, तर त्याचं पुढचं काम जाऊ शकतं. तिथे नाव झाकणं हे पत्रकाराचं कर्तव्यच आहे. पण ‘सिनेमा अप्रतिम झालाय’ एवढंच सांगणाऱ्या सूत्राला लपायचं कारण काय? तिथे मला पीआरचा, म्हणजे ठरवून केलेल्या प्रसिद्धीचा वास येतो.

निर्मात्याच्या खर्चाने दौरा केला असेल, तर पत्रकार ते लेखातच सांगतो.

प्रचार पत्रकाराचा मुखवटा कुठवर चढवतो, ते २००१ साली उघड झालं. सोनी पिक्चर्स या हॉलिवूडच्या सिनेकंपनीच्या जाहिरातींत डेव्हिड मॅनिंग नावाच्या समीक्षकाची स्तुतिपर वाक्यं झळकत होती. असा समीक्षक अस्तित्वातच नव्हता! कंपनीच्याच जाहिरात विभागात तो जन्माला आला होता आणि अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या एका खऱ्या साप्ताहिकाचं नाव त्याला चिकटवलं होतं. हे बिंग फोडलं ते ‘न्यूजवीक’ या अमेरिकी नियतकालिकाच्या पत्रकाराने.

पोस्टरवरच्या वाक्याखालचं नाव वाचकालाही तपासता येतं. मूळ परीक्षण शोधून पूर्ण वाचा. पोस्टरवर ‘थक्क करणारी दृश्यं’ असतं. मूळ वाक्य कदाचित पुढे ‘पण कथेचा पत्ता नाही’ असं संपत असेल.