टाकाला पितळ हवं, निबेला पोलाद

बोरूनं देवनागरी गिरवलेल्या हाताला टोकदार निब आधी परकीच वाटते. बोरूच्या रेषेची जाडी त्याच्या तिरप्या कापातून येते, निबेची येते दाबातून. खाली ओढताना दाबलं की चिरेच्या दोन्ही बाजूंची पाती फाकतात, हात हलका केला की मिटतात. पोलाद वाकून परत जागेवर येतं, म्हणूनच हे जमतं.

पण दोन्ही पाती सारखी फाकायची तर चीर ओढीच्या रेषेतच हवी. कॉपरप्लेट वळणाच्या इंग्रजी अक्षरांचा झुकाव आडव्या रेषेशी साधारण ५५ अंशांचा. सरळ होल्डर, म्हणजे निब थेट टोकाला बसवलेली टाकाची दांडी धरली, तर उजव्या हाताची निब त्यापेक्षा डावीकडे तोंड करून बसते. सगळा भार एकाच पात्यावर येतो आणि जाड रेषेची एक कड खरबरीत होते. तिरप्या होल्डरमध्ये निब दांडीच्या बाजूला बसवलेल्या धातूच्या पट्टीत तिरपी बसते. ही पट्टी नेमका हा फरक भरून काढते. डावखुऱ्यांची निब बहुधा आपोआपच झुकावाच्या दिशेला वळते. त्यांनी तिरप्या होल्डरवर उगाच पैसे घालू नयेत.

दांडी सागवानाची की बांबूची, हा हौसेचा प्रश्न. गावचा सुतारही ती करून देईल. खरी पारख पट्टीची, आणि ती पितळेची असावी. निबेला जे हवं त्याच्या उलट हिला हवं: वाकवलं तिथंच राहणं. मात्र तीच जागा पुन्हापुन्हा वाकवली, तर पितळ कडक होऊन तडकतं. भंडाऱ्याकडची पितळेची भांडी घडवणारा कारागीर ठोकता ठोकता भांडं मधूनच तापवतो ते यासाठीच. उष्णतेनं धातू पुन्हा मऊ होतो. पट्टी अडून बसली, तर दांडीतून काढून तापवावी. लाकडासकट नव्हे!

आता जुळवणी. होल्डर वरून पाहा. दांडीच्या मध्यातून पुढं काढलेल्या काल्पनिक रेषेवर निबेचं टोक यावं. ते बाजूला असेल, तर बोटांत दांडी जराशी फिरली तरी टोक जागा सोडतं. मग भिंगातून जाड रेष तपासा. एकच कड फाटत असेल, तर पट्टीला किंचित पीळ द्या, म्हणजे दोन्ही पाती कागदावर सारखी टेकतील. पट्टीची पकड चिरेवर चढू देऊ नका, निब ताठर होते.

एवढं करूनही रेष तुटली आणि महिना मे असेल, तर होल्डरला बोल लावू नका. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात शाई निबेवरच सुकते. दौतीत दोन थेंब पाणी टाकून पाहा.