सबबवाचक सौम्योक्ती

जाणूनबुजून केलेल्या लबाडीला ‘चूक’ असे नाव देऊन दोष हलका करणारे शब्दप्रयोग. ‘नजरचुकीने’, ‘अनवधानाने’, ‘गैरसमजातून’, ‘तांत्रिक त्रुटी’, ‘बोलण्याच्या ओघात’ ही परिचित रूपे. अलंकारशास्त्रातील पर्यायोक्तीशी, म्हणजे आडवळणाने सांगण्याशी, त्यांचे नाते आहे. मात्र पर्यायोक्तीतला खरा अर्थ श्रोत्याने ओळखावा अशी अपेक्षा असते, येथे तो ओळखू नये अशी.

मुख्य काम व्याकरण करते. ‘मी रक्कम लपवली’ याऐवजी ‘नोंद राहून गेली’ म्हटले, की सकर्मक क्रियापदाबरोबर कर्ताही जातो. ‘माझ्याकडून चूक झाली’ यात तो उरतो, पण केवळ निमित्तमात्र. इंग्रजीतील ‘चुका झाल्या’ या कर्मणी रचनेचे एक जुने ठळक उदाहरण अमेरिकेचे अध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी १८७६ मध्ये तेथील काँग्रेसला (संसदेला) दिलेल्या संदेशात आढळते. चुका निर्णयाच्या होत्या, हेतूच्या नव्हत्या, अशी पुस्तीही तेथे आहे. अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी १९८७ मध्ये इराणला गुप्तपणे शस्त्रे विकल्याच्या प्रकरणी तीच रचना वापरली.

ब्रिटिश राजकारणी विन्स्टन चर्चिल यांच्या ‘पारिभाषिक अयथार्थता’ (terminological inexactitude) या प्रयोगाबद्दल मतभेद आहेत. संसदेच्या सभागृहात ‘खोटे’ हा शब्द वर्ज्य असल्याने त्यांनी हा पर्याय योजला, असे सर्रास सांगितले जाते. परंतु २२ फेब्रुवारी १९०६ च्या भाषणाचा विषय दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सव्हालमधील चिनी मजुरांचे करार हा होता. त्या करारांना आत्यंतिक अर्थाने गुलामगिरी म्हणणे शब्दाच्या दृष्टीने काटेकोर ठरणार नाही, एवढाच त्यांचा मुद्दा होता. मूळ वाक्य पाहता ‘असत्य’ हा अर्थ नंतर चिकटला असे मानणे अधिक सयुक्तिक. ‘सत्याबाबत काटकसर’ हा प्रयोग ब्रिटनचे मंत्रिमंडळ सचिव रॉबर्ट आर्मस्ट्राँग यांच्या १९८६ मधील ऑस्ट्रेलियातील न्यायालयीन साक्षीमुळे रूढ झाला. त्याची पूर्वछाया राजकीय विचारवंत एडमंड बर्क यांच्या १७९६ च्या लेखनात दिसते.

लेखापरीक्षणात चूक आणि अफरातफर यांना वेगळे करणारा घटक हेतू हाच. तो थेट दिसत नसल्याने खुणांवरून ताडावा लागतो. खऱ्या चुका सहसा दोन्ही बाजूंना पडतात. सगळ्याच एकाच्या लाभाच्या निघाल्या तर शंका घ्यावी. चूक उघडकीस येण्याआधी दुरुस्त झाली की नंतर, मूळ पावती जागेवर आहे का, हेही पाहतात. ‘आकडे उलटसुलट पडले’ ही सबब तपासणे सोपे : शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली असेल, तर फरकाला ९ ने निःशेष भाग जातो (५४० ऐवजी ४५०, फरक ९०). भाग गेला नाही, तर निदान ही सबब टिकत नाही. गेला तरी हेतू निर्दोष ठरत नाही; अदलाबदल मुद्दामही करता येते.