उलटीचे औषध काहींना लागू का पडत नाही: सीवायपी२डी६ जनुकाची पार्श्वभूमी

सिस्प्लॅटिन या कर्करोगावरच्या केमो औषधाला अमेरिकेत १९७८मध्ये मंजुरी मिळाली. उलटीचे औषध न देता ते चढवले, तर ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांना उलट्या होतात. त्यावर आधी मेटोक्लोप्रमाइडचे मोठे डोस देत. उलटी आटोक्यात येई, पण मान आणि जबडा आखडण्याचा त्रास होई, तरुणांना जास्तच. १९९१मध्ये तिथे ओन्डान्सेट्रॉन हे उलटीचे नवे औषध आले. केमोमुळे आतड्यातल्या पेशी सेरोटोनिन सोडतात आणि ते व्हेगस मज्जातंतूला चेतवते. ओन्डान्सेट्रॉन त्या मज्जातंतूवरची सेरोटोनिनची जागाच अडवते. तरीही काहींची उलटी पहिल्या २४ तासांतही थांबेना.

याचा एक धागा भलत्याच औषधात सापडला होता. लंडनमध्ये १९७०च्या दशकात रॉबर्ट स्मिथ यांनी डेब्रिसोक्विन हे रक्तदाबाचे औषध स्वतः घेतले आणि त्यांचा रक्तदाब कोसळला. तोच डोस घेतलेल्या सहकाऱ्यांना काही झाले नाही. ते औषध यकृतात मोडणारे एन्झाइम स्मिथ यांच्यात नीट काम करत नव्हते. त्याचे जनुक म्हणजे २२व्या गुणसूत्रावरचे सीवायपी२डी६. १९९३मध्ये स्वीडनमध्ये उलट टोक दिसले: काहींकडे या जनुकाच्या जादा प्रती असतात, एका कुटुंबात तर १२. अशा लोकांत औषध झपाट्याने मोडते, म्हणून त्यांना अतिजलद म्हणतात. उत्तर युरोपात ते एक-दोन टक्के आहेत, इथिओपियात मात्र २९ टक्क्यांपर्यंत नोंदले गेले.

ओन्डान्सेट्रॉनसारखी औषधेही काही प्रमाणात याच एन्झाइमने मोडतात, म्हणून जर्मनीतल्या संशोधकांनी २००२मध्ये २७० केमो रुग्णांवर हे तपासले. जादा प्रती असलेल्यांना उलट्या जास्त झाल्या. हा फरक ट्रोपिसेट्रॉन या त्याच गटातल्या औषधावर ठळक होता, कारण ते जवळजवळ पूर्णपणे याच एन्झाइमने मोडते. ओन्डान्सेट्रॉनला मोडायला सीवायपी३ए४ आणि सीवायपी१ए२ या दुसऱ्या एन्झाइमांच्या आणखी दोन वाटा आहेत, म्हणून फरक पुसट. अतिजलद गटात रुग्ण फारच थोडे होते, हे विसरून चालणार नाही.

२०१६च्या अखेरीस जनुकांनुसार औषध कसे द्यावे हे सुचवणाऱ्या सीपिक या आंतरराष्ट्रीय गटाने मार्गदर्शिका काढली: अतिजलद रुग्णाला ग्रॅनिसेट्रॉनसारखे, सीवायपी२डी६च्या एन्झाइमवर अवलंबून नसलेले औषध द्यावे. बाकीच्यांना नेहमीचाच डोस. मग ओन्डान्सेट्रॉनच वाढवून का देऊ नये? कारण त्याने ईसीजीवरचा क्यूटी कालावधी लांबतो आणि हृदयाची लय बिघडू शकते. याच धोक्यामुळे ३२ मिलिग्रॅमचा एकरकमी शिरेतला डोस अमेरिकेत २०१२मध्ये बंद झाला. आता एका वेळी कमाल १६ मिलिग्रॅम.

चाचणीतही खाचखळगे आहेत. शेजारीच सीवायपी२डी७ हे जवळजवळ तसेच दिसणारे निकामी जनुक असल्याने वाचन चुकू शकते. नुसते बदल पाहून भागत नाही, प्रतीही मोजाव्या लागतात. आणि दुप्पट झालेली प्रत मुळात निकामी प्रकारची असेल, तर रुग्ण अतिजलद ठरत नाही. शिवाय पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन ही नैराश्याची औषधे चालू असतील, तर एन्झाइम दबते आणि कागदावरचा वेगवान रुग्ण प्रत्यक्षात मंद होतो. क्षयाच्या उपचारातले रिफॅम्पिसिन उलटे करते: सीवायपी३ए४ वाढवून ओन्डान्सेट्रॉनची पातळी बरीच खाली आणते. आपल्याकडे जनुकाआधी चालू औषधेच विचारलेली बरी.

सेरोटोनिन पेशीवर जिथे चिकटते त्या जागेचे (रिसेप्टरचे) एचटीआर३बी आणि औषध पेशीबाहेर फेकणाऱ्या पंपाचे एबीसीबी१ या जनुकांवरही अभ्यास झाले. रोजच्या उपचारात त्यांचा उपयोग ठरलेला नाही.

दरम्यान उपचारच बदलले. त्याच गटातल्या पॅलोनोसेट्रॉनचा अर्धायुकाल (शरीरातले औषध निम्मे व्हायला लागणारा वेळ) सुमारे ४० तास, त्यामुळे जलद-मंद हा भेद फारसा जाणवत नाही. २४ तासांनंतरच्या उलटीत सबस्टन्स पी या मज्जासंदेश वाहणाऱ्या रसायनाचा हात मोठा, तिथे त्याला अडवणारे अप्रेपिटंट लागते. जोडीला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि ओलॅन्झापिन हे मूळचे मानसिक आजारांवरचे औषध. ओलॅन्झापिनचा १० मिलिग्रॅमचा डोस फार झोप आणतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या २०२४मधील चाचणीत २.५ मिलिग्रॅम उलटी रोखण्यात मागे पडले नाही आणि गुंगीही कमी आली. हे औषध मुख्यतः सीवायपी१ए२ने मोडते, आणि सिगारेट-विडीचा धूर ते एन्झाइम वाढवतो. त्यामुळे इथे रुग्णाच्या धूम्रपानाची नोंद सीवायपी२डी६च्या अहवालापेक्षा जास्त कामाची.